दीड इंच

३ फेब्रुवारी, सोमवार

हो म्हणालो. गाढव आहे मी!

वाचनालयाच्या वरच्या खोलीत सभा होती. एक कलाकार मुलगी आलीय — एका कानात मोठं डूल, दुसरा कान मोकळा. पडलं की काय म्हणून मी दहा मिनिटं जमिनीवर शोधत होतो. नंतर कळलं, फॅशन आहे. तिचं म्हणणं, सगळ्या गल्लीने मिळून एक कलाकृती करायची. म्हणजे काय, तर लांब फळीवर आपल्या बाजूची सोळा घरं, छोटी छोटी. प्रत्येक घर त्या त्या घरच्या माणसांनी स्वतःच्या हाताने केलेलं. पुठ्ठा घ्या, लाकूड घ्या, माती घ्या. "घर तुमच्या मनात आहे तसं करा," म्हणाली.

मनात! मनाला प्रमाण कुठून लावायचं?

मी उठून एवढंच विचारलं, की प्रमाण काय धरणार. झालं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. "अरे, मोजणीकाका आहेत की आपल्याकडे!" तेहतीस वर्षं मोजणी खात्यात नकाशे काढले, त्याची शिक्षा निवृत्तीनंतरही भोगायची. आता फळी मी आखायची, घरं लोकांनी करायची. एक मार्चला उद्घाटन.

ही म्हणाली, "बरं झालं. घरात बसून माझ्याशी भांडण्यापेक्षा गल्लीशी भांडा."

५ फेब्रुवारी, बुधवार

कलाबाईंशी (मी तिला हेच म्हणणार) दोन तास वाद. शेवटी तह झाला — रुंदी माझी, उंची लोकांची. म्हणजे घराचा दर्शनी भाग मापात पाहिजे, अर्धा इंच म्हणजे एक फूट. वर काय डोंगर रचायचे ते रचा.

मी म्हटलं, सोळाही घरं मी मोजून देतो, एका दिवसाचं काम. माझी कापडी फीत आहे, चामड्याच्या डबीतली, शंभर फुटी. अर्धं शहर मोजलंय त्या फितीने. तर म्हणे, "नको काका, आपलं घर आपणच मोजायचं, तीच तर यातली कला आहे." आणि पिशवीतून सोळा स्टीलच्या टेपा काढल्या, घरटी एक! लोकांनी टेपा अशा पळवल्या की जणू फुकट लाडू. अर्ध्या तर उद्घाटनाआधीच हरवतील.

फळी मात्र माझ्या नकाशावरून. गल्लीचा नकाशा मीच काढलेला, खात्यातलं माझं शेवटचं मोठं काम. तीनशे फूट. म्हणजे फळी साडेबारा फूट. सुताराला आकडा दिला. तो म्हणाला, "एकदा मोजून घेऊ का काका?" मी म्हटलं, नकाशा आहे ना! त्याने आकडा पेन्सिलने लिहून घेतला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

गुरुवार. ही दुपारी भाजीला गेली. तीन तास. आणलं काय, तर दोन काकड्या.

मला काय कळत नाही? गुरुवारी मुलीला सुट्टी असते. मायलेकी भेटतात. मी विचारत नाही, ही सांगत नाही. ती कुठे राहते तेही मी विचारलेलं नाही.

तीन वर्षं झाली. माझ्याच खात्यात शेजारच्या विभागात कनिष्ठ अभियंता होती. केवढा अभिमान होता मला! आपल्या गल्लीत सांडपाण्याचा पाइप घालायचं काम तिच्याकडे आलं. माझ्या नकाशावरून तिने लांबी धरली. पाइप तीन फूट कमी पडला. ठेकेदाराने मधल्यामध्ये गिळला असणार, दुसरं काय! पण पोरगी घरी आली आणि जेवताना, भरल्या ताटावर — "बाबा, नकाशात तीन फूट कमी आहेत. तुमची फीत ताणली गेलीय. मला फाइलवर लिहावं लागेल."

निवृत्तीला तेवीस दिवस उरले होते माझ्या. तेवीस!

मी म्हटलं, बापाला खोटं पाडणारी पोरगी या घरात नको. ती दुसऱ्या दिवशी गेली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ते हेच. निरोप समारंभात सगळे माझ्याबद्दल चांगलं बोलत होते आणि मी एकेकाचं तोंड न्याहाळत होतो, याने ती फाइल वाचली असेल का, त्याने वाचली असेल का. नारळ आणि शाल घेऊन आलो तो पुन्हा त्या इमारतीची पायरी चढलो नाही.

हे कशाला लिहीत बसलो? काकड्या कडू निघाल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिली घरं आली. देवा!

दातांचे डॉक्टर — प्रत्यक्षात दोन मजले, फळीवर तीन. म्हटलं, तिसरा कुठून आला? "पुढच्या वर्षी होणार आहे." उंची लोकांची हा तह मीच केलेला, बोलता येईना. पण रुंदी अर्धा इंच जास्त! म्हणे, दारात गाडी उभी असते, तिचं नाक भिंतीच्या पुढे जातं तेवढी जागा धरलीय. म्हटलं, गाडी घर आहे का? चिडले. माझी वरची डावी दाढ यांच्याकडेच अर्धी कोरून ठेवलेली आहे, हे नंतर आठवलं.

मधल्या घरातले दोघे भाऊ वेगळे झालेत, म्हणून घरही वेगवेगळं केलंय. एकाने अर्धं पुठ्ठ्याचं आणि दुसऱ्याने अर्धं साबणाचं! जोडलं तर मधला जिना दोन्हीकडे आहे. "जिना माझा," "जिना माझा." एका घराला दोन जिने झाले आणि चढायला एकही सरळ नाही.

शिंप्याने घर अगदी मापात केलं, पण दारात झाड लावलंय. म्हटलं, ते झाड तोडून बारा वर्षं झाली. तो म्हणाला, "म्हणूनच तर."

कलाबाई या सगळ्यावर टाळ्या वाजवते. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण मापही नसतं हे आज कळलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

साबणाचं अर्धं घर उंदराने खाल्लं. पुठ्ठेवाला भाऊ सकाळपासून खुशीत आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आमचं घर ही करते आहे. मला हात लावू देत नाही. पुठ्ठा, खळ, नखं कापायची कात्री. मापं मात्र चोख घेतली, स्टीलच्या टेपने, डाव्या हाताच्या अंगठ्याने टेप दाबून धरून. हे हिला कोणी शिकवलं? मी तर नाही.

दर्शनी भिंतीला हिने चार खिडक्या केल्या. म्हटलं, तीन आहेत. चौथी मुलीच्या खोलीची, तिला मी आतून कपाट लावलंय. ती खिडकी बंद आहे.

"आतून," ही म्हणाली. "बाहेरून आहेच."

आणि खळ लावत बसली. मी चहा मागितला. स्वतः करून घ्या म्हणाली.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज सगळी घरं फळीवर मांडली. पंचवीसेक माणसं जमली होती. पोरंटोरं, म्हाताऱ्या, सगळे माना लांब करून आपापलं घर शोधत होते. खरं सांगतो, मलाही क्षणभर बरं वाटलं. आमचं घर नववं. चार खिडक्या.

डॉक्टरांची गाडी मी कापायला लावली होती, तेव्हा अर्धा इंच तिथला गेला. उंदराने खाल्लेलं अर्धं घर त्या भावाने आता लाकडाचं करून आणलं होतं. एकेक घर चिकटून बसत गेलं. चौदावं बसलं. पंधरावं बसलं. सोळावं — बसेना! फळी संपली आणि घर दीड इंच बाहेर लोंबकळतंय.

सोळावं घर इस्त्रीवाल्या बाईचं. गल्लीच्या टोकाचं, सगळ्यात अरुंद, आठ फूट. फळीवर चार इंच. नवीन शर्टाच्या घडीत पुठ्ठा येतो ना, त्या पुठ्ठ्यांचं केलंय. खिडकीत इस्त्रीचं टेबल, टेबलावर बोटाच्या पेराएवढी इस्त्री. काडेपेटीच्या काड्यांचे गज. याच खिडकीत ती वीस वर्षं उभी आहे.

आता दीड इंच कोणी वाढवला ते शोधायचं. हळूहळू करत सगळ्यांनीच आपापलं घर फुगवलं असणार. इथे एक सूत, तिथे एक सूत. माणसाचा स्वभावच! घर दुसऱ्याचं असलं की सहा फूट आणि आपलं असलं की सात.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कलाबाई दोन दिवस सगळ्यांच्या दारात टेप घेऊन फिरली. आज येऊन म्हणते, "काका, सोळाही घरं पुन्हा मोजली. सगळी बरोबर आहेत."

म्हटलं, सगळी बरोबर, मग जागा पुरत का नाही? जमीन आखडली का? धुतल्यावर आटली?

ती म्हणाली, "फळी एकदा —"

मी पुढे बोलूच दिलं नाही. फळी माझ्या नकाशावरून आहे. सरकारी शिक्का आहे त्या नकाशावर. नाचता येईना अंगण वाकडं! सुतार कोपऱ्यात रंधा मारत होता. त्याने मान वर केली आणि परत खाली घातली. या लोकांना बोलायचं असेल तर तोंड उघडावं. डोकं उठलंय नुसतं. उजवी पापणी सकाळपासून फडफडते आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कोणीही आपलं घर कापायला तयार नाही. शिंपी तर घर काखेत धरूनच बोलत होता.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

निकाल लावला. उद्घाटन आठ दिवसांवर आलंय, कोणीतरी वाईटपणा घ्यायलाच हवा.

सोळा घरं एकेक सूत कापायची तर सोळा भांडणं. त्यापेक्षा जे बाहेर जातंय तेच कापावं. सरळ हिशेब. इस्त्रीवाल्या बाईला बोलावलं. म्हटलं, बाई, तुमचं घर दीड इंच कमी करावं लागेल, इलाज नाही. तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "साहेब, मी दोनदा मोजलं होतं. तुमच्या बायकोने टेप धरली होती."

म्हटलं, मोजलं असेल हो. जागा नाही.

"दीड इंच गेला तर खिडकी जाते साहेब."

तिने माझ्याच टेबलावरची कात्री घेतली आणि स्वतःच कापलं. टेबल गेलं, इस्त्री गेली, काड्यांचे गज सुटून जमिनीवर पडले. राहिली अडीच इंचाची भिंत आणि दार. फळीवर ठेवलं. बरोबर बसलं.

जाताना म्हणाली, "असू द्या. शेवटच्याला कमी पडतंच. सवय आहे."

मला राग आला. कोणाचा ते कळलं नाही. कलाबाई सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. टाळ्या वाजवल्या नाहीत.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ही कालपासून बोलत नाही. ताट आदळते, उचलते. इस्त्रीवाली तिची जुनी मैत्रीण. दुपारी मीच म्हटलं, अगं, पुठ्ठ्याची खिडकी ती, एवढं काय?

मग जे तोंड सुटलं!

"तुमचा नकाशा बरोबर राहावा म्हणून किती माणसं कापणार आहात? तीन वर्षांपूर्वी पोटची पोर कापलीत. मी गप्प बसले. म्हटलं, निवृत्तीचं दुःख आहे, उतरेल. नाही उतरलं. काल त्या बाईची खिडकी कापलीत. सोळा घरांनी मोजलं, सोळाही बरोबर निघाली. एक तुमची फीत कोणी मोजली नाही. ती मोजा एकदा! माझी शपथ आहे तुम्हाला."

बत्तीस वर्षांत हिने मला शपथ घातली नव्हती.

२३ फेब्रुवारी, रविवार

मोजणार नाही. फीत मोजायची म्हणजे काय! वजनाचं वजन करतं का कोणी?

२४ फेब्रुवारी, सोमवार

मोजली.

सुताराने कुठल्या तरी ठेकेदाराकडून शंभर फुटी स्टीलची टेप आणली. सकाळी सहाला, रस्त्यावर कोणी नसताना, दोन्ही शेजारी शेजारी पसरल्या. त्याने शून्य धरलं, मी चालत गेलो. माझ्या फितीच्या शंभरावर बोट ठेवलं. शेजारी स्टीलवर एकशे एक.

वाटलं, वाकडी पडली असेल. परत पसरली. एकशे एक. उलटी पसरली. एकशे एक.

मग गल्लीच मोजली. तीनशे तीन फूट. तीन फूट म्हणजे दीड इंच. पोरीने ताटावर सांगितलेला आकडा, तोच.

कसं झालं तेही आठवलं. आठ वर्षांपूर्वी एका मोजणीत फीत चिंब भिजली होती. दुसरा कोणी असता तर गुंडाळून ठेवली असती. मी ती गच्चीवर दोन खांबांना ताणून बांधून तीन दिवस वाळवली. एकही सुरकुती राहू नये म्हणून! माझ्या हाताने, माझ्या टापटिपीने वाढवली ती. आणि त्यानंतर या गल्लीचा नकाशा काढला.

सुतार खाली बसून टेप गुंडाळत होता. म्हणाला, "पहिल्या दिवशीच वाटलं होतं काका. पण तुम्हाला कसं सांगायचं?" मी म्हटलं, सांगायचं होतंस रे. तो म्हणाला, "सांगणाऱ्याचं काय होतं ते गल्लीला माहीत आहे."

लाज वाटली. एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती. घरी आलो. हिने माझ्या तोंडाकडे बघितलं. चहा ठेवला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सुताराने फळीला दीड इंचाची पट्टी जोडली. सांधा दिसतो. कलाबाई म्हणाली, रंग देऊन झाकू या. म्हटलं, राहू दे.

इस्त्रीवाल्या बाईकडे गेलो. बाहेरच उभा राहिलो, तिच्या खिडकीसमोर. म्हटलं, बाई, तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं. घर मी करून देतो, पहिल्यासारखं. ती इस्त्री फिरवत राहिली. मग आतून शर्टाचे चार पुठ्ठे काढून दिले. "खिडकी मोठी करा," म्हणाली. "उजेड कमी पडतो."

मी म्हटलं, किती मोठी? ती म्हणाली, मनात आहे तेवढी. मी लिहून घेतलं नाही.

दिवसभर तेच करत बसलो. काड्यांचे गज बसता बसत नाहीत. नाकी नऊ आले. पाचव्यांदा हिने येऊन धरले तेव्हा बसले.

उद्या खात्यात जाऊन नकाशा दुरुस्तीचा अर्ज द्यायचा. तीन वर्षांनी ती पायरी. मुलीने लिहिलेला शेरा फाइलवर असेलच. त्याखाली लिहीन, की शेरा बरोबर आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

गेलो नाही. इमारतीच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो. हिला म्हटलं, गर्दी होती.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी गेलो. कारकून नवा होता, त्याने मला ओळखलं नाही. पाइपाची फाइल काढून दिली. मुलीचा खुलासा वरच होता, तिच्या सुवाच्य अक्षरात. "मूळ नकाशा तपासला. नकाशा अचूक आहे. अंदाजपत्रकात आकडा उतरवताना तीन फुटांची चूक माझ्याकडून झाली." तारीख — ती घर सोडून गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. खाली साहेबांचा शेरा, सक्त ताकीद, एक वेतनवाढ रोखावी. माझा अर्ज त्याच फाइलला लावला आणि आलो.

ही चपला घालत होती. विचारलं, तिच्याकडे कुठली बस जाते? ही म्हणाली, "बस कशाला? चालत दहा मिनिटं."